नमद्याची टोपी : एका फेल्ट हॅटमधून काय शिकता येते



शहीद भगतसिंग यांचे हॅट घातलेले छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. ते एप्रिल १९२९ मध्ये दिल्लीतील एका स्टुडिओत, ८ एप्रिलच्या मध्यवर्ती विधिमंडळातील घटनेच्या थोडे आधी काढलेले आहे. त्यापूर्वी डिसेंबर १९२८ मध्ये लाहोरहून निसटताना भगतसिंगांनी साहेबी पोषाख केला होता आणि डोक्यावर हॅट घातली होती. दुर्गाभाभी पत्नीच्या वेषात सोबत होत्या आणि नोकराच्या वेषात होते आपले शिवराम हरी राजगुरू. पुणे जिल्ह्यातील त्यांचे खेड गाव आज राजगुरुनगर म्हणून ओळखले जाते. पोलिसांना चकवणाऱ्या त्या वेषात टोपीचाही वाटा होता, कारण त्या काळी अशी हॅट म्हणजे साहेबाची ओळख.

आज अशी हॅट घालणारा माणूस क्वचितच दिसतो. मग तिचा अभ्यास कशासाठी करायचा? शाळेच्या मागील प्रदर्शनात एका पालकांनी आपल्या आजोबांच्या पेटीतील जुनी फेल्ट हॅट मांडायला दिली होती. सातवीच्या एका विद्यार्थिनीने ती काचेबाहेरून सगळीकडून न्याहाळली आणि विचारले, "सर, ही शिवली कुठे आहे? शिवण तर दिसतच नाही!" प्रश्न फार चांगला होता. त्याच्या उत्तरात विज्ञान, भूगोल, गणित, कारागिरी आणि थोडे दुःखही दडलेले आहे. म्हणून प्रस्तुत लेख.

१. फेल्ट म्हणजे काय?

सुती किंवा रेशमी कापड विणलेले असते. त्यात उभा धागा आणि आडवा धागा असतो. आपल्या धनगर बांधवांची घोंगडीसुद्धा मागावर विणलेली असते. फेल्टचे तसे नाही. त्यात धागाच नसतो. लोकर किंवा प्राण्याची मऊ लव ओली करून, गरम करून, दाबून आणि घासून एकमेकांत गुंतवतात आणि तिचा एकजीव थर तयार होतो. यालाच आपल्याकडे नमदा म्हणतात. काश्मीरचे आणि राजस्थानातील टोंकचे नमदे प्रसिद्ध आहेत.

लव गुंतते कशी? सूक्ष्मदर्शकातून लोकरीचा केस पाहिला तर त्यावर घराच्या कौलांसारखे बारीक खवले दिसतात. सर्व खवल्यांची टोके एकाच दिशेला, म्हणजे केसाच्या शेंड्याकडे असतात. उष्णता, ओलावा आणि घर्षण मिळाले की केस सरकू लागतात, पण खवल्यांमुळे ते एकाच दिशेने सरकतात, परत फिरू शकत नाहीत. हजारो केस असे पुढे पुढे जातात आणि एकमेकांत घट्ट अडकतात. घरी चुकून उकळत्या पाण्यात धुतलेले लोकरीचे स्वेटर आखडून बाळाच्या मापाचे होते, त्याचेही कारण हेच. गृहिणींना जे नुकसान वाटते, तेच टोपी करणाऱ्याचे भांडवल आहे.

उत्तम हॅट मात्र मेंढीच्या लोकरीची नसते. ती ससा, रानससा किंवा बीव्हर या प्राण्याच्या लवेची असते. बीव्हर हा युरोप व उत्तर अमेरिकेत नदीकाठी राहणारा, लाकूड कुरतडून बांध घालणारा प्राणी आहे. वरच्या राठ केसांखाली त्याला अतिशय बारीक व दाट लव असते. या लवेचा फेल्ट पातळ असूनही मजबूत होतो, पावसाला तोंड देतो आणि आकार धरून ठेवतो. बीव्हरच्या टोप्यांची हौस युरोपला इतकी होती की तेथील बीव्हर जवळजवळ संपले आणि व्यापारी उत्तर अमेरिकेच्या जंगलांत शिरले. पुढे १९ व्या शतकाच्या मध्यास रेशमी उंच टोपीची चाल आली, तेव्हा कुठे या प्राण्यावरील ताण कमी झाला.

२. 'फेडोरा' हे नाव

मधोमध लांबट खोलगट घडी, पुढे दोन्ही बाजूंना चिमटा, सभोवती मऊ काठ आणि माथ्याच्या बुडाशी रुंद फीत. या घडणीच्या हॅटला फेडोरा म्हणतात. हे नाव एका नाटकावरून आले. फ्रेंच नाटककार व्हिक्तोरियँ सार्दू यांचे 'फेडोरा' हे नाटक १८८२ मध्ये पॅरिसला रंगभूमीवर आले. राजकन्या फेडोराची भूमिका विख्यात अभिनेत्री सारा बर्नहार्ट यांनी केली होती. म्हणजे पुरुषांची समजली जाणारी ही हॅट नावाने एका स्त्रीची आहे! प्रारंभी स्त्रियांनीच ती उचलून धरली. १९२० च्या दशकात इंग्लंडचे युवराज एडवर्ड मऊ फेल्ट हॅट घालू लागले आणि पुरुषांमध्ये तिचा प्रसार झपाट्याने झाला. पुढे हॉलीवूडच्या चित्रपटांनी तिला जगभर नेले. 'कॅसाब्लांका' (१९४२) मधील हम्फ्री बोगार्ट यांची हॅट आजही लोकांच्या स्मरणात आहे.

३. आलेस्सांद्रियाचा कारागीर

या कलेचे सर्वांत प्रसिद्ध घराणे इटलीतील आलेस्सांद्रिया या गावचे. जुझेप्पे बोर्सालिनो यांचा जन्म १८३४ चा. लहान वयातच ते टोपीच्या कामाला लागले. काम शिकायला फ्रान्सला गेले, पॅरिसच्या कारखान्यांत कित्येक वर्षे उमेदवारी केली आणि कसबी कारागीर म्हणून परतले. ४ एप्रिल १८५७ रोजी त्यांनी भाऊ लाझारो याच्या साथीने आलेस्सांद्रियात आपली कार्यशाळा सुरू केली. जुझेप्पे १९०० मध्ये वारले आणि पुत्र तेरेसिओ यांनी कारभार हाती घेतला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हा कारखाना वर्षाला सुमारे २० लाख टोप्या काढत होता. कंपनीचे नावच टोपीचे नाव झाले. फ्रान्समध्ये १९७० साली 'बोर्सालिनो' नावाचा चित्रपटही निघाला. बोर्सालिनो परिवाराने गावाच्या आरोग्यासाठी व इतर लोकोपयोगी कामांसाठी मोठ्या देणग्या दिल्या, हेही येथे नोंदवले पाहिजे.

अमेरिकेत जॉन बी. स्टेट्सन यांनी १८६५ मध्ये फिलाडेल्फिया येथे कारखाना काढला. ते टोपी करणाऱ्याचेच चिरंजीव होते. कनेक्टिकट राज्यातील डॅनबरी हे तर 'टोप्यांचे शहर' म्हणूनच ओळखले जाई.

४. टोपी कशी घडते?

बोर्सालिनोच्या कारखान्यात एका टोपीवर पन्नासहून अधिक कामे होतात आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. त्यातील मुख्य टप्पे असे :

(अ) लव वेगळी करणे. कातडीवरील राठ केस काढून टाकतात. खालची मऊ लव रसायनाने तयार करून कातडीपासून वेगळी करतात. मग ती हवेच्या झोतात उडवून स्वच्छ करतात आणि निरनिराळ्या प्रतींची लव प्रमाणात मिसळतात. हे मिश्रण म्हणजे प्रत्येक कारखान्याचे गुपित.

(आ) शंकू तयार करणे. छिद्रे असलेला तांब्याचा शंकू फिरत असतो आणि आतून हवा ओढली जाते. वरून सोडलेली लव बर्फासारखी त्यावर बसते. तिच्यावर गरम पाणी मारले की लवेचा एक नाजूक, अखंड शंकू तयार होतो. हा शंकू पुढे होणाऱ्या टोपीच्या किमान दुप्पट मोठा असतो.

(इ) आटवणे. शंकू कापडात गुंडाळून गरम पाण्यात पुन्हा पुन्हा लाटतात, दाबतात, उलगडतात आणि दिशा बदलून पुन्हा लाटतात. प्रत्येक वेळी तो थोडा आटतो आणि घट्ट होतो. सर्वांत जास्त कस येथे लागतो. घाई केली तर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असा फेल्ट होतो, आणि तो दोष पुढे कशानेही लपत नाही.

(ई) रंग व कडकपणा. रंग दिल्यावर लाखेच्या द्रावणाने फेल्टला हलका कडकपणा देतात.

(उ) साच्यावर चढवणे. वाफेने मऊ केलेला शंकू लाकडी साच्यावर ओढून बसवतात, दोरीने आवळतात आणि वाळू देतात. येथे शंकूचा माथा होतो आणि घेराचा काठ होतो.

(ऊ) घासणे व सजवणे. अतिशय बारीक पॉलिश कागदाने फेल्ट घासून मखमलीसारखा करतात. काठ मापाने कापून, वाफ व इस्त्रीने त्याला बाक देतात. आत चामड्याची पट्टी व अस्तर, बाहेर रिबन आणि बहुधा डाव्या बाजूला तिची गाठ. शेवटी हाताने घडी व चिमटा.

आता त्या विद्यार्थिनीला उत्तर मिळाले असेल. टोपीच्या अंगाला शिवण नाही, कारण ती कापड कापून जोडलेलीच नाही. एका अखंड शंकूलाच आटवून, वाकवून तिचा आकार काढलेला आहे. शिवणकाम येते ते फक्त पट्टी, अस्तर आणि फीत लावताना.

५. आपली लाख

टोपी इटलीची किंवा अमेरिकेची असली तरी तिला ताठ ठेवणारी लाख मात्र भारताशी जोडलेली आहे. पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवर वाढणारे सूक्ष्म किडे लाख तयार करतात. ती गोळा करून, वितळवून, पातळ ताणून तिचे पापुद्रे करतात. हीच चपडा लाख. एके काळी जगाला लागणाऱ्या लाखेचा फार मोठा भाग भारतातून, मुख्यतः कलकत्ता बंदरातून जात असे. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यांतही हीच लाख होती. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ मध्ये लाखेच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. आजही झारखंड, छत्तीसगड आणि आपला मध्य प्रदेश ही लाख पिकवणारी प्रमुख राज्ये आहेत. पळसाच्या फांदीवरून लाख खरवडणाऱ्या आदिवासी बाईने ती हॅट कधी पाहिलीही नसेल, पण तिचे कष्ट त्या टोपीत मुरलेले असत. आपल्याकडे घोंगडीला चिंचोक्याची खळ देऊन ताठपणा आणतात. युक्ती एकच, साहित्य निराळे.

६. चांगली जुनी हॅट कशी ओळखावी?

जुन्या वस्तूंच्या जाणकारांकडे काही साध्या कसोट्या असतात.

पहिली कसोटी स्पर्शाची. लवेचा चांगला फेल्ट पातळ, भरीव आणि गुळगुळीत लागतो. लोकरीचा फेल्ट तुलनेने जाड व भुसभुशीत लागतो आणि पावसात भिजला की आकार सोडतो. दुसरी वजनाची. चांगली फेडोरा साधारण शंभर ते दीडशे ग्रॅमची असते. तिसरी काठाची. काही काठ नुसते कापलेले असतात, काहींना फीत लावलेली असते, काही दुमडून शिवलेले असतात. सर्वांत अवघड काठ दुमडून टाके न घालता फेल्टमध्येच जिरवलेला असतो. अमेरिकेत त्याला कॅव्हनाघ काठ म्हणतात. दुमड दिसते, पण टाका सापडत नाही. चौथी कसोटी आतल्या बाजूची. चामड्याची पट्टी कशी शिवली आहे, मागची जोड कशी बांधली आहे, अस्तर नीट बसले आहे का, हे पाहायचे. जे भाग कोणाला दिसणार नाहीत तेथे कारागिराने किती मन लावले, त्यावरून त्याची पारख होते. आपल्या वहीलाही ही कसोटी लावून पाहा!

७. पाऱ्याची किंमत

आता दुःखाची बाजू. 'रसायनाने तयार करून' असे मी वर लिहिले. ते रसायन म्हणजे दीर्घकाळपर्यंत नायट्रिक आम्लात विरघळवलेला पारा होता. त्याने सशाच्या लवेचे खवले उघडत आणि ती झटपट गुंतत असे. लवेची टोके गाजरासारखी नारिंगी होत, म्हणून इंग्रजीत या क्रियेला गाजरावरूनच नाव पडले. पुढे वाफेच्या, दारे-खिडक्या बंद असलेल्या खोल्यांत काम चाले, तेव्हा पाऱ्याची वाफ कारागिरांच्या श्वासात जाई. हात थरथरू लागत, तोंडाला लाळ सुटे, दात पडत. स्वभाव बदले, माणूस लाजरा, भित्रा आणि चिडका होई. डॅनबरीत या आजाराला 'डॅनबरीची थरथर' असेच म्हणत. ज्या हातांच्या स्थिरतेवर सारी कला उभी होती, तेच हात ही कला हिरावून घेत होती.

हे कोणाला ठाऊक नव्हते का? न्यू जर्सीचे डॉक्टर जे. ॲडिसन फ्रीमन यांनी टोपी कारागिरांच्या पाऱ्याच्या आजाराचे वर्णन १८६० मध्येच प्रसिद्ध केले होते. अमेरिकेत फेल्टच्या कामातील पाऱ्याचा वापर थांबला तो १९४१ च्या अखेरीस. मधली ८१ वर्षे मोजा. त्या अवधीत कारागिरांच्या तीन पिढ्या होऊन गेल्या. आणि जेव्हा बंदी आली तेव्हा युद्धासाठी पारा हवा होता, हेही एक कारण होते. आज हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या रसायनांनी तेच काम होते. डॅनबरीच्या नदीच्या गाळात मात्र तो जुना पारा अजूनही सापडतो.

म्हणूनच प्रदर्शनातील हॅट आम्ही काचेत ठेवली होती. अशा जुन्या टोप्यांत पाऱ्याचा अंश असू शकतो आणि संग्रहालयांत त्या हातमोजे घालून हाताळतात. कोणाच्या घरी जुनी फेल्ट हॅट असेल तर ती मुलांना खेळायला देऊ नये, झटकू नये, ही पालकांना विनंती.

मग अशा वस्तूचे कौतुक करावे की नाही? माझ्या मते अवश्य करावे, पण अर्धे पाहून नव्हे. टोपीची सुबकता पाहताना ती घडवणाऱ्याचा थरथरणारा हातही दिसला पाहिजे. मालाचे कौतुक करून कारागिराला विसरणे हे रसिकपण नव्हे.

८. आजची स्थिती

१९६० नंतर हॅटची चाल ओसरली. फिलाडेल्फियाचा स्टेट्सनचा मोठा कारखाना १९७१ मध्ये बंद पडला. बोर्सालिनो कंपनी २०१७ च्या डिसेंबरात दिवाळखोरीत निघाली, पण २०१८ मध्ये नव्या मालकांनी ती घेतली आणि आलेस्सांद्रियात काम चालू राहिले. २०२३ मध्ये तेथे कंपनीचे नवे संग्रहालयही उघडले. कारखाना सावरता येतो, यंत्रे दुरुस्त होतात. पण फेल्ट पुरेसा आटला की नाही हे बोटांनी ओळखणारी माणसे एकदा पांगली की पुस्तक वाचून ती परत घडवता येत नाहीत. हे ज्ञान गुरूच्या शेजारी उभे राहूनच मिळते.

९. हस्तव्यवसायाच्या तासिकेविषयी

आता शेवटचा मुद्दा, विशेषतः पालक व विश्वस्त मंडळींसाठी. इयत्ता आठवी-नववीच्या हस्तव्यवसायाच्या दोन तासिका गणित व विज्ञानाला द्याव्यात, अशी सूचना पालक सभेत आली आहे. सूचनेमागील कळकळ मी समजू शकतो. बोर्डाची परीक्षा आणि पुढील स्पर्धा यांची काळजी प्रत्येक घरात आहे.

पण वरील लेखात गणित आणि विज्ञान हाताच्या कामापासून वेगळे कुठे काढता येते ते पाहा. खवल्यांचे घर्षण हे भौतिकशास्त्र, पारा हे रसायनशास्त्र, लाख हे जीवशास्त्र, टोपीचे माप हे गणित. आणि १८६० ते १९४१ या ८१ वर्षांचा प्रश्न तर परीक्षेपेक्षा मोठा आहे. आपली मुले उद्या अभियंते, रसायनतज्ज्ञ, कारखान्यांचे व्यवस्थापक होतील. ज्याने स्वतः तासभर गरम पाण्यात लोकर लाटली आहे, त्याला कामगाराचे हात आठवण्याची शक्यता अधिक आहे. म्हणून या तासिका कायम ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत मी मंडळासमोर ठेवतो. त्या अधिक उपयोगी कशा होतील यावर जरूर चर्चा व्हावी. हस्तकलेच्या खोलीत हवा बाहेर टाकणारा पंखा आणि मुलांसाठी हातमोजे, एवढी मागणी मात्र आजच करतो. कारण नुसते सांगणे आता नको.

स्वाध्याय

१) डोक्याचा घेर ५७ सें.मी. आहे. युरोपात टोपीचे माप ५७ हेच. अमेरिकेत घेर इंचात घेऊन त्याला ३.१४ ने भागतात. (५७ ÷ २.५४ = २२.४४ इंच; २२.४४ ÷ ३.१४ = सुमारे ७.१५, जवळचे माप ७ पूर्णांक १/८.) आता घरातील प्रत्येकाचे माप काढा. ३.१४ नेच का भागतात, ते एका वाक्यात लिहा.

२) विणलेले कापड आणि फेल्ट यांचा एक-एक तुकडा कापा. कोणाचे धागे सुटतात? का?

३) करून पाहा (मोठ्यांच्या देखरेखीखाली) : पिंजलेल्या मेंढीच्या लोकरीचे चार पातळ थर एकावर एक ठेवा. एक थर उभा, पुढचा आडवा. त्यावर सोसवेल इतके गरम साबणाचे पाणी शिंपडा. जाळीचे कापड ठेवून प्रथम हळू, मग जोरात गोल गोल घासा. पंधरा-वीस मिनिटांनी गुंडाळून लाटा. आधीचे आणि नंतरचे माप लिहून ठेवा. तुकडा किती टक्के आटला?

४) तुमच्या मोहल्ल्यातील एका कारागिराला भेटा : लोहार, शिंपी, बांगडीवाले, चांभार, कोणीही. त्यांना विचारा, "काका, या कामाने तुमच्या शरीराला काय त्रास होतो?" उत्तर दहा ओळींत लिहून वर्गशिक्षकांकडे द्या. निवडक उत्तरे पुढील अंकात छापू.

आपला,
मुख्याध्यापक